दहा दिवसांची अमेरिका, शरीराच्या घड्याळाने

इंग्रजी शब्दकोशात देवळालीच्या नावाचा एक शब्द आहे : ‘डूलॅली’. एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही, असे थट्टेने सांगायचे असेल तर इंग्रज माणूस हा शब्द वापरतो. त्याचे मूळ देवळालीच्या लष्करी छावणीत आहे. नोकरीची मुदत संपलेले ब्रिटिश शिपाई मायदेशी परतण्यापूर्वी इथे आणून ठेवले जात. सैनिकांना नेणारी जहाजे साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. हंगामातले शेवटचे जहाज चुकले, की पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम देवळालीत. काम नाही, कवायत नाही, घरी कधी पोहोचू याचा भरवसा नाही. वर उन्हाळा आणि हिवताप. काही जण भ्रमिष्टासारखे वागू लागत. त्याला शिपायांनी नाव दिले ‘डूलॅली टॅप’. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’.

दूरच्या प्रवासाचा त्रास जहाजात पाय ठेवल्यावर सुरू होत नाही, तो त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो, हे देवळालीने असे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहून ठेवले आहे. आज याच देवळाली कॅम्पातून माणसे परदेशी निघतात ती वेगळ्या कारणाने. मुलगा न्यू जर्सीत असतो, मुलगी टोरांटोला किंवा मेलबर्नला. आई-वडिलांची पहिली परदेशवारी ठरते, तीही बहुतेकदा छोटी : दहा-बारा दिवसांची. घर बंद ठेवून जास्त राहता येत नाही, मुलांना तिकडे सुट्टी मिळत नाही. मग तेवढ्यात सगळे बसवायचे.

समजा, लॅम रोडच्या बाजूला राहणारे असे एक जोडपे आहे. काका अडुसष्ट वर्षांचे. बारा वर्षांपासून मधुमेह, रात्री इन्सुलिन. काकू चौसष्टच्या, रक्तदाबाची गोळी आणि कुरकुरणारे गुडघे. मुलाने हौसेने पाठवलेला बेत असा : पहिल्या दिवशी सकाळी न्यू यॉर्कला उतरायचे आणि दुपारी शहर पाहायचे, मग नायगारा, वॉशिंग्टन, तिथून विमानाने लास व्हेगास, ग्रँड कॅन्यन, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि परत. दहा दिवस, सात ठिकाणे, चार अंतर्गत विमाने. ‘पुन्हा कधी येणे होईल सांगता येत नाही,’ हे त्यामागचे कारण. ते खोटे नाही. पण या बेतात काका-काकूंच्या शरीराला कुणी विचारलेले नाही.

साडेतेहतीस तासांचा दिवस

आधी साधा हिशेब. मुंबईहून विमान पहाटे दोनला सुटते असे धरू. त्याआधी तीन तास विमानतळावर, आणि देवळालीहून मुंबईपर्यंत कसारा घाट उतरून चार-पाच तास. म्हणजे घरातून निघायचे आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास. थेट विमान असले तरी हवेत सुमारे सोळा तास. उतरल्यावर पासपोर्ट, सामान, घरापर्यंतची गाडी यात दोन-तीन तास. घरच्या उंबऱ्यापासून तिकडच्या उंबऱ्यापर्यंत सत्तावीस तास झाले. वाटेत विमान बदलायचे असेल, तर आणखी पाच-सहा.

उन्हाळ्यात न्यू यॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. पहाटे दोनला निघालेले विमान सोळा तासांनी उतरते, तेव्हा देवळालीत संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि न्यू यॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ. तारीख तीच. त्या दिवशी काका-काकूंच्या आयुष्यातला दिवस चोवीस तासांचा नसून साडेतेहतीस तासांचा असतो. परतीच्या वाटेवर उलट : दिवस साडेचौदा तासांत संपतो.

कागदावर ही गंमत वाटते. शरीराला ती वाटत नाही, कारण शरीराचे स्वतःचे एक घड्याळ आहे आणि ते मनगटावरच्या घड्याळासारखे काटा फिरवून लावता येत नाही.

मेंदूतले घड्याळ

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक छोटा पुंजका आहे. झोप, शरीराचे तापमान, भूक, रक्तदाब आणि अनेक संप्रेरकांचे चढउतार त्याच्या तालावर चालतात. प्रत्येक पेशीत काही जनुके प्रथिने बनवतात. ती साठली की तीच त्या जनुकांचे काम थांबवतात. ती विरली की काम पुन्हा सुरू होते. हे एक चक्र म्हणजे सुमारे एक दिवस. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे घड्याळ बाहेरून काही सूचना मिळाली नाही तरी चालत राहते. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूवैज्ञानिक दोन महिने एका खोल गुहेत घड्याळाशिवाय राहिला. बाहेर आला तो १४ सप्टेंबरला. त्याच्या हिशेबाने ती २० ऑगस्ट होती. दिवसांची मोजणी चुकली होती, पण झोपेजागेपणाचे चक्र मात्र चोवीस तासांच्या आसपासच फिरत होते.

पुढे प्रयोगशाळांमध्ये काटेकोर मोजमाप झाले तेव्हा कळले, की माणसाचा आतला दिवस सरासरी चोवीस तासांहून दहा-बारा मिनिटांनी मोठा असतो. सकाळचा उजेड रोज ही चूक दुरुस्त करतो. आणि म्हणूनच दिवस लांबवणे शरीराला जरा सोपे जाते, आखडणे अवघड. पश्चिमेकडे जाताना शरीर रोज साधारण दीड तास जुळवून घेते. पूर्वेकडे जाताना तासाभराच्या आसपास. माणसागणिक यात फरक पडतो आणि वय वाढले की जुळवणी बहुधा आणखी रेंगाळते.

इथे एका मराठी बाईचा प्रवास आठवावा. डॉक्टर होण्यासाठी आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनच्या सुरुवातीला न्यू यॉर्कला पोहोचल्या. कलकत्ता आणि न्यू यॉर्क यांच्या सूर्योदयात रेखांशाच्या हिशेबाने पावणेअकरा तासांहून थोडे जास्त अंतर आहे. ते जवळपास दोन महिन्यांत वाटले तर रोजचा बदल होतो अवघा अकरा मिनिटांचा. माणसाचे आतले घड्याळ रोज आपसूक जेवढे मागे पडते, जवळजवळ तेवढाच. त्या प्रवासात हाल पुष्कळ होते; पण आज ज्याला ‘जेट लॅग’ म्हणतात तो त्यांच्या वाट्याला येण्याचे कारणच नव्हते. तो जेट विमानाने दिलेला आजार आहे.

मध्यरात्री दोनची भूक

आता काका-काकूंकडे पुन्हा येऊ. पहिल्या दिवशी न्यू यॉर्कमध्ये दुपारचे अडीच वाजतात तेव्हा त्यांच्या शरीरात मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. नेमका हाच वेळ मुलाने शहर पाहण्यासाठी ठेवला आहे. डोळे मिटतात, पाय अडखळतात, बोललेले डोक्यात शिरत नाही. रात्री दमून झोप लागते, पण दोन वाजता दोघेही टक्क जागे आणि भुकेले. यात विचित्र काही नाही. देवळालीत तेव्हा सकाळचे साडेअकरा झालेले असतात, कुकरची शिटी होण्याची वेळ. पोट आणि यकृत यांचीही आपापली छोटी घड्याळे असतात, आणि ती मेंदूतल्या घड्याळापेक्षा वेगळ्या गतीने नव्या वेळेला येतात. म्हणून पहिले काही दिवस बद्धकोष्ठ, करपट ढेकर, नको तेव्हा भूक हे सगळे होते.

या घड्याळाला वळवण्याचे सर्वात मोठे साधन फुकट आहे : उजेड. पण तो कधी घ्यायचा हे महत्त्वाचे. शरीराचे तापमान पहाटे, नेहमीच्या जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी, सर्वात कमी असते. त्या क्षणाच्या आधी मिळालेला उजेड घड्याळ मागे नेतो, नंतर मिळालेला पुढे. सहाला उठणाऱ्या माणसाचा हा क्षण पहाटे साडेतीन-चारला येतो. न्यू यॉर्कच्या उन्हाळ्यातल्या वेळेप्रमाणे तो पहिल्या दिवशी संध्याकाळी सहा-साडेसहाला पडेल. अमेरिकेत पोहोचल्यावर घड्याळ मागे न्यायचे आहे. तेव्हा पहिल्या दिवशी दुपारी पडदे ओढून चार तास झोपणे हा सर्वात वाईट उपाय, आणि जवळच्या बागेत सावकाश फिरणे, बाकावर बसणे हा सर्वात चांगला. फारच झोप आली तर गजर लावून वीस-तीस मिनिटांची डुलकी. संध्याकाळी उशिराच्या उन्हात मात्र गडद चष्मा लावावा किंवा घरात यावे. तिथे उन्हाळ्यात आठ-साडेआठपर्यंत उजेड असतो.

झोपेच्या गोळ्यांचा मोह टाळलेला बरा. विमानात गोळी घेऊन सहा तास एकाच अवस्थेत आखडून बसणे पायांच्या शिरांसाठी वाईट. आणि उतारवयात अनोळखी घरात अर्धवट झोपेत रात्री उठताना पडण्याचा धोका असतो. मेलाटोनिनचा काहींना उपयोग होतो, पण ते चुकीच्या वेळी घेतले तर घड्याळ उलट दिशेने सरकते. इतर औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे.

यावरून मुलाच्या बेताचा खरा दोष दिसतो. पूर्व किनाऱ्याच्या वेळेशी जुळायला शरीराला सहा-सात दिवस हवेत. चौथ्या-पाचव्या दिवशी विमानाने पश्चिमेला गेले की घड्याळ आणखी तीन तास मागे. ते जुळते न जुळते तोच परतीचे विमान. म्हणजे दहाही दिवस काका-काकूंचे शरीर कुठल्याच गावात नसते.

कळसूबाईहून उंच खोली

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते, पण आतली हवा दाबून ठेवलेली असते. तरीही ती जमिनीवरच्या इतकी दाट नसते. समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर असावी तशी असते. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे सोळा तास कळसूबाईच्याही वर बसून राहण्यासारखे हे आहे. निरोगी माणसाच्या रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण तिथे काही टक्क्यांनी उतरते आणि त्याला ते जाणवतही नाही. पण ज्यांना दमा, फुप्फुसांचा जुना आजार, हृदयाची कमजोरी किंवा बराच रक्तक्षय आहे, त्यांना ते जाणवू शकते. जिना चढताना धाप लागत असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, डोळ्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांचा होकार घ्यायला हवा, तिकीट काढल्यानंतर नव्हे.

हवेचा दाब कमी झाला की वायू फुगतात. बरोबर नेलेल्या चिवड्याची सीलबंद पिशवी विमानात टम्म होते. पोटातला वायूही तसाच सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून निघण्याच्या दिवशी हरभरा, वाटाणा, सोडा असलेली पेये टाळावीत. सर्दी असेल तर उतरताना कान दुखतात. चघळायला काहीतरी ठेवावे, वारंवार आवंढा गिळावा. आतली हवा अतिशय कोरडी असते. ‘उगाच शौचालयात जावे लागेल’ म्हणून पाणी न पिण्याची काकूंची सवय इथे नडते.

सर्वात गंभीर गोष्ट पायांची. पोटरीचे स्नायू चालताना आकसतात आणि रक्त वर ढकलतात. त्यांना दुसरे हृदय म्हणतात ते याचसाठी. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवले की शिरांमध्ये रक्त साचते आणि क्वचित त्याची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून लांब प्रवासात हा धोका दुप्पट होतो, तरी निरोगी माणसात तो सुमारे सहा हजार जणांत एक इतकाच आहे. घाबरण्याइतका नाही, विसरण्याइतकाही नाही. आधी गुठळी झालेली असणे, कर्करोग, अलीकडची मोठी शस्त्रक्रिया, स्थूलपणा, संप्रेरकांच्या गोळ्या यांनी तो वाढतो. अशांनी घट्ट मोज्यांबद्दल किंवा औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी दर तासा-दीड तासाने उठून फेरी मारावी, बसल्या जागी टाचा-चवडे उचलावेत. विमानतळावर चाकाच्या खुर्चीची सोय घेतली असेल, तर ती विमानापर्यंतच. आत मात्र चालायचेच. आणि परत आल्यावरही पुढच्या काही आठवड्यांत एकच पोटरी सुजली, दुखली किंवा एकाएकी धाप लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नये.

औषधांची पेटी

काकांच्या इन्सुलिनचे काय? साडेतेहतीस तासांच्या दिवसात रात्रीचा डोस नेमका कधी घ्यायचा? भारताच्या वेळेने घेतला तर तो तिकडे दुपारी येतो, तिकडच्या वेळेने घेतला तर मध्ये फार अंतर पडते. याचे उत्तर इन्सुलिनच्या प्रकारावर आणि साखरेच्या पातळीवर अवलंबून असते, म्हणून ते शेजाऱ्याकडून घेऊ नये. निघण्याच्या महिनाभर आधी विमानाच्या वेळांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि जातानाचे व येतानाचे वेळापत्रक लिहून घ्यावे. येताना दिवस आखडलेला असतो. तेव्हा सवयीने दोन डोस जवळजवळ पडले तर साखर धोकादायक उतरू शकते. साखर तपासण्याचे यंत्र, ग्लुकोजची पूड आणि काहीतरी खाण्याचे हाताशी हवे.

सगळी औषधे जवळच्या पिशवीत ठेवावीत. सामानाच्या कप्प्यातली बॅग हरवू शकते आणि तिथल्या थंडीत इन्सुलिन गोठले तर निकामी होते. औषधे मूळ वेष्टनात, मुक्कामाला पुरून आठवडाभर उरतील इतकी, सोबत डॉक्टरांची सहीशिक्क्याची इंग्रजी चिठ्ठी. चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे. आपल्याकडचे ब्रँड तिकडे कुणाला कळत नाहीत. कधी कधी मूळ नावही बदलते. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ म्हणून ओळखले जाते, दम्याचे साल्ब्युटामॉल ‘अल्ब्युटेरॉल’ होते. यातला धोका असा : अंग दुखते म्हणून काकू घरून आणलेली पॅरासिटामॉल घेतात, सर्दीसाठी सून तिकडची गोळी देते, आणि दोन्हींत औषध एकच. प्रौढ निरोगी माणसाची दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम. ती ओलांडली की यकृताला इजा होते. शिवाय आपल्याकडे सर्रास मिळणारी काही वेदनाशामके तिकडे मान्य नाहीत, आणि झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांवर अनेक देशांत कडक नियंत्रण असते.

खाऊच्या डब्यालाही हाच नियम. विमान दुबईत बदलायचे असेल तर अनारशांवरची खसखससुद्धा विचार करायला लावते, कारण संयुक्त अरब अमिरातीत ती बाळगण्यास बंदी आहे. अमेरिकेत ताजी फळे बहुधा अडवली जातात; खपरा नावाच्या धान्यातल्या किडीमुळे आपला तांदूळही प्रवाशांच्या सामानातून चालत नाही. ऑस्ट्रेलिया तर याबाबत त्याहून कडक. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी पाहून घ्यावे आणि शंका असेल तो पदार्थ अर्जावर लिहून मोकळे व्हावे. लपवलेल्या लाडवापेक्षा सांगितलेला लाडू स्वस्त पडतो.

लशींचे गणित देशावर ठरते. अमेरिकेच्या छोट्या सहलीसाठी फ्लूची लस आणि नेहमीच्या लशी पूर्ण आहेत ना एवढे पाहणे पुरते. मात्र तो मोठा, दूरचा देश ब्राझील किंवा आफ्रिकेतला असेल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिच्या प्रमाणपत्राशिवाय अशा देशातून परत आले, तर भारतातच विलगीकरणात बसण्याची वेळ येऊ शकते.

आणि विमा. अमेरिकेत रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाची एक रात्र अनेकांची आयुष्यभराची बचत हलवू शकते. पॉलिसी घेताना मधुमेह, रक्तदाब लपवला, तर गरज पडेल तेव्हा तीच फेटाळली जाण्याची भीती असते. आधीपासूनचा आजार बळावला तर काय मिळते, हे वाक्य शोधून वाचावे.

बेत पुन्हा मांडू

मग काका-काकूंनी जाऊच नये का? जावे, अवश्य जावे. फक्त नकाशा वेगळ्या पट्टीने मोजावा. अमेरिका भारताच्या सुमारे तिप्पट आहे. न्यू यॉर्क ते लॉस एंजेलिस विमानाने सहा तास लागतात. न्यू यॉर्कहून नायगारा गाडीने साडेसहाशे किलोमीटर, म्हणजे देवळालीहून जवळपास नागपूर. याउलट न्यू यॉर्क ते फिलाडेल्फिया दीडशे किलोमीटर, देवळाली ते मुंबईपेक्षाही कमी. वॉशिंग्टन साडेतीनशेच्या आसपास, आणि तिथे रेल्वेने जाता येते.

तेव्हा पहिल्या वारीसाठी एकच किनारा. पहिले दोन दिवस मुलाच्या घराजवळ, नातवंडांबरोबर, उन्हात. तिसऱ्या दिवसापासून न्यू यॉर्क, पण महत्त्वाचे ते सकाळी, दुपार-संध्याकाळ मोकळी. पाचव्या-सहाव्या दिवशी फिलाडेल्फिया किंवा वॉशिंग्टन, एक मुक्काम करून. एक दिवस पूर्ण रिकामा. नायगारा हवाच असेल तर तो सातव्या दिवसानंतर, आणि त्यासाठी वॉशिंग्टन सोडावे. पश्चिमेची बाजू पुढच्या वेळेसाठी. तिथला ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ दोन हजार मीटरहून उंच आहे, आणि उन्हाळ्यात खोल दरीत पारा चाळिशीपलीकडे जातो. घाईत उरकायची ती जागा नव्हे.

दोन बारीक गोष्टी. उतरल्या दिवशी भाड्याची गाडी स्वतः चालवू नये. अर्धवट झोपेतला चालक दारू प्यायलेल्यापेक्षा फारसा वेगळा नसतो. आणि रस्ता ओलांडताना आपण सवयीने आधी उजवीकडे पाहतो. तिथे गाडी आधी डावीकडून येते. पन्नास वर्षांची सवय विमानतळावर उतरत नाही.

तयारी दोन महिने आधी देवळालीतच सुरू करता येते. परदेशातल्या फिरस्तीत दिवसाला दहा हजार पावले सहज होतात. कॅम्पातले झाडांच्या सावलीतले रस्ते सकाळच्या चालण्यासाठी याहून चांगले कुठे मिळणार? आधी वीस मिनिटे, मग आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवत तासभर. टेम्पल हिलचा चढ काकूंना सांगेल, गुडघे कितपत तयार आहेत. तिकडे घालायचे बूट इथेच पायाला सरावलेले असावेत.

परतीचा हिशेबही आजच मांडावा. पूर्वेकडचा प्रवास जास्त जड; जुळायला नऊ-दहा दिवस लागू शकतात. मुंबईत उतरल्याबरोबर रात्री घाट चढून येताना गाडी दुसऱ्या, झोप झालेल्या माणसाच्या हाती असावी. त्या आठवड्यात लग्नाची धावपळ, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मालमत्तेच्या सह्या असले काही ठेवू नये.

एक थांबा आणखी

या आखलेल्या दहा दिवसांत मराठी माणसाला जागेची किंमत सांगणारे एक ठिकाण वाटेवर आहे. फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. तिथली थंडी, धुराने भरणारी खोली, न मानवणारे अन्न यांनी त्यांची प्रकृती ढासळत गेली. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सी या गावच्या दफनभूमीत, त्यांना लेकीप्रमाणे सांभाळणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावल्या आहेत. न्यू यॉर्क शहरापासून ते अंतर गाडीने दोन तासांचे.

आनंदीबाईंपाशी उबदार खोली नव्हती, क्षयावर औषध नव्हते. देवळालीच्या छावणीतल्या शिपायाला आपले जहाज कधी सुटेल हेही माहीत नसे. काका-काकूंपाशी यातले सगळे आहे : औषध, उबदार घर, तिकिटावर छापलेली मिनिटांपर्यंतची वेळ. नाही तो फक्त शरीराला द्यायचा अवधी, आणि तो बेत आखणाऱ्याच्या हातात असतो. सातातली तीन ठिकाणे पाहून, धडधाकट घरी येऊन, अंगणात बसून नातवाच्या गोष्टी सांगणारी वारी ही अपुरी वारी नव्हे. पुढच्या वारीची ती सोय आहे.

निघण्याआधी

• तीन महिने आधी : जुना आजार असल्यास डॉक्टरांचा होकार, मगच तिकीट. दातांची तपासणी. दोन महिने आधी चालण्याचा सराव.

• एक महिना आधी : औषधांचे जाण्या-येण्याचे वेळापत्रक, मूळ नावांची चिठ्ठी, आवश्यक लशी, आजार न लपवता घेतलेला विमा.

• एक आठवडा आधी : झोपण्याची वेळ रोज थोडी उशिरा. पूर्वेकडे जायचे असेल तर रोज थोडी लवकर.

• विमानात : पाणी, दर तासा-दीड तासाने फेरी, सैल कपडे. मद्य नको, झोपेची गोळी नको.

• पोहोचल्यावर : दुपारी उन्हात फिरणे, दीर्घ झोप रात्रीच. औषधांची पेटी आणि विम्याचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा. अमेरिकेतला आपत्कालीन क्रमांक ९११.